घटक ४ : पंडित विष्णु नारायण भातखंडे – जीवन, रचना आणि वारसा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• पंडित भातखंडे यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• 'लक्ष्य' आणि 'लक्षण' या संकल्पनांमधील संबंध स्पष्ट करता येईल.
• लक्षणगीत या रचनाप्रकाराचे स्वरूप व प्रयोजन विशद करता येईल.
• भातखंडे यांच्या कार्यावरील आक्षेपांचा साधकबाधक विचार करता येईल.
• मराठी शास्त्रीय गद्यातील त्यांच्या ग्रंथांचे स्थान सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या आधीच्या घटकांमध्ये आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये पाहिली. प्रस्तुत घटकात आपण एका संगीतकाराचे चरित्र अभ्यासणार आहोत. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मैफली गाजवणारे गायक नव्हते. तरीही आज उत्तर हिंदुस्थानी संगीत शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून जे शब्द वापरतो, जी स्वरलिपी वाचतो आणि रागांचे जे वर्गीकरण पाठ करतो, त्यांवर भातखंडे यांचा ठसा आहे.

त्यांच्या काळी रागसंगीताची विद्या प्रामुख्याने घराण्यांच्या कुळांत आणि गुरूच्या सहवासात राहणाऱ्या थोड्या शिष्यांत वाटली गेली होती. उस्तादाजवळच्या दुर्मीळ बंदिशी हे त्याचे धन असे आणि धन जसे वारसाला द्यावे तशी ती दिली जात. वारस नसला किंवा तो निघून गेला, तर विद्याही त्याच्याबरोबर लुप्त होई. ही विद्या लिहिता येईल का, वर्गात शिकवता येईल का, आणि ज्याचा जन्म संगीताच्या घरात झालेला नाही त्याला ती मिळू शकेल का, हे प्रश्न भातखंडे यांनी स्वतःपुढे ठेवले. त्यांचे चरित्र हे या प्रश्नांच्या उत्तराचा शोध आहे. त्या उत्तराच्या मर्यादाही आपण या घटकात पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि शिक्षण

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घराणे मध्यमवर्गीय होते. संगीत हा त्या घरचा व्यवसाय नव्हता, पण घरात भजनाची आवड होती आणि मुलाच्या कानावर लहानपणापासून स्वर पडत होते. शालेय वयात विष्णु बासरी वाजवू लागला आणि पुढे त्याने सतारीचे रीतसर शिक्षण घेतले. त्या काळी सुशिक्षित घरातील मुलाने संगीताचा छंद जोपासणे चालून जाई. तो व्यवसाय म्हणून पत्करणे मात्र प्रतिष्ठेचे मानले जात नसे. त्यामुळे महाविद्यालयीन शिक्षण आणि संगीत अशा दोन वाटांवरून त्यांचे तारुण्य एकाच वेळी चालले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १८८५ मध्ये बी.ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

१८८४ मध्ये ते मुंबईच्या 'गायन उत्तेजक मंडळी' या संस्थेचे सभासद झाले. या घटनेने त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीत पारशी समाजातील संगीतप्रेमी मोठ्या संख्येने होते. मंडळी नामवंत कलावंतांना पाचारण करी आणि सभासदांना त्यांच्याकडून शिकण्याची सोय करून देई. येथे भातखंडे यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे घेतली, तसेच अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. घराण्यात जन्म न घेताही विद्या मिळू शकते, याचा अनुभव त्यांना प्रथम येथे आला.

याच काळात त्यांना एक अडचण जाणवू लागली. एकच राग दोन गायक दोन प्रकारांनी गात, आणि त्यामागील नियम विचारला तर परंपरेखेरीज दुसरे उत्तर मिळत नसे. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यांतील रागवर्णने प्रत्यक्ष गायनाशी जुळत नसत. गाणारे ग्रंथ वाचत नव्हते आणि ग्रंथ वाचणाऱ्यांना गाणे येत नव्हते. शास्त्र आणि व्यवहार यांमधील ही दरी सांधणे हेच पुढे भातखंडे यांचे जीवितकार्य झाले.

४.२.२ वकिलीचा त्याग आणि संगीतयात्रा

पदवीनंतर भातखंडे यांनी कराची येथे आणि नंतर मुंबईत वकिली केली. पुरावा तपासणे, साक्षीदाराला नेमके प्रश्न विचारणे, दोन विधानांतील विसंगती हेरणे ही वकिली शिस्त त्यांच्या संगीतसंशोधनात ठायी ठायी दिसते. १९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या एक मुलीचे निधन झाले. या आघातांनंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. हळूहळू वकिलीही सोडली आणि उर्वरित आयुष्य संगीताला वाहिले.

प्रवासाला त्यांनी त्यापूर्वीच प्रारंभ केला होता. १८९६ मध्ये त्यांनी गुजरात व काठेवाडचा दौरा केला. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, सरस्वती महाल ग्रंथालयासाठी प्रसिद्ध असलेले तंजावर, मदुरा, एट्टयपुरम्, त्रिवेंद्रम, म्हैसूर अशी ही यात्रा होती. एट्टयपुरम् येथे त्यांची कर्नाटक संगीताचे थोर अभ्यासक सुब्बराम दीक्षितार यांच्याशी भेट झाली. दीक्षितार यांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखी यांचा 'चतुर्दंडिप्रकाशिका' हा सतराव्या शतकातील ग्रंथही दक्षिणेशी आलेल्या या संबंधामुळे त्यांच्या अभ्यासात आला. त्यातील ७२ मेळांची व्यवस्था पाहून दक्षिणेने आपले संगीत नियमबद्ध केले आहे, हे त्यांच्या मनावर ठसले. उत्तरेतही असे काही करता येईल, असा विश्वास त्यांना वाटू लागला.

१९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयानगरम्, कलकत्ता आणि १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर असे त्यांचे पुढील दौरे झाले. प्रत्येक ठिकाणी ते ग्रंथालये पाहत, पंडितांना आणि गायकांना भेटत, प्रश्न विचारीत आणि रोजनिशीत नोंदी करीत. काही भेटी फलदायी ठरत, काहींत निराशा पदरी पडे. वयाच्या पंचेचाळिशीनंतर, घरी वाट पाहणारे कोणी नसताना, वह्या घेऊन गावोगाव फिरणारा हा माणूस ज्ञानासाठी कोणाचेही शिष्यत्व पत्करण्यास तयार होता. पुढे रामपूर येथे सेनिया परंपरेतील वझीर खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून तर त्यांना बंदिशींचा मोठा साठा लाभला.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
१. गायन उत्तेजक मंडळीचा भातखंडे यांच्या जडणघडणीत कोणता वाटा होता?
२. दक्षिणेच्या प्रवासातून त्यांना कोणती दृष्टी मिळाली?

४.२.३ 'लक्ष्य' आणि 'लक्षण' : ग्रंथरचना

संगीतशास्त्रात 'लक्ष्य' म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले संगीत आणि 'लक्षण' म्हणजे त्याचे शास्त्रीय नियम. जुन्या ग्रंथांना प्रमाण मानून आजच्या गायकाला चुकीचा ठरवावा, की आजचे गायन पाहून नियम नव्याने मांडावेत, हा भातखंडे यांच्यापुढील मूलभूत प्रश्न होता. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हे नावच ही भूमिका सांगते. भाषेतील उदाहरणाने ही भूमिका समजून घेता येईल. व्याकरणकार भाषा निर्माण करीत नाही. लोक बोलतात त्या भाषेतील व्यवस्था तो शोधून मांडतो. भातखंडे यांनी संगीताच्या बाबतीत हेच केले.

या भूमिकेची दोन फळे महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे शुद्ध सप्तकाचा निर्णय. प्राचीन ग्रंथांतील शुद्ध सप्तक हे आजच्या काफीच्या जवळ जाणारे मानले जाते. परंतु उत्तरेतील गायक-वादक आपले स्वर बिलावलच्या सप्तकावरून मोजत होते. भातखंडे यांनी प्रचार प्रमाण मानून बिलावललाच शुद्ध सप्तक मानले. दुसरे फळ म्हणजे दहा थाटांची व्यवस्था. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत त्यांनी प्रचलित राग विभागले. दक्षिणेतील ७२ मेळ गणिताने पूर्ण होतात. भातखंडे यांनी मात्र उत्तरेच्या रागांना पुरतील एवढेच थाट घेतले.

हा संस्कृत ग्रंथ त्यांनी स्वतःच्या नावाने नव्हे, तर 'चतुरपंडित' या नावाने प्रसिद्ध केला. नवे शास्त्रही संस्कृतात असल्याखेरीज पंडितवर्ग त्याला मान देणार नाही, हे ते जाणून होते. मात्र ज्यांच्यासाठी हे शास्त्र होते तो सामान्य जिज्ञासू संस्कृत जाणणारा नव्हता. त्याच्यासाठी त्यांनी मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ चार भागांत लिहिला. पहिला भाग १९१० मध्ये आणि चौथा १९३२ मध्ये निघाला.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी या ग्रंथाचे महत्त्व विशेष आहे. त्याची रचना गुरुशिष्य-संवादाच्या स्वरूपाची आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू ग्रंथांचे आधार देऊन उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडवतो आणि विषय पुढे सरकतो. संवादातून तत्त्वविवेचन करण्याची परंपरा मराठीला अपरिचित नव्हती. भातखंडे यांनी तिचा उपयोग एका तांत्रिक शास्त्रासाठी केला. ज्या वाचकाला गुरू भेटणे शक्य नाही, त्याच्याजवळ पानांतून गुरू पोहोचवण्याचा हा प्रयत्न होता. पुढे हिंदी भाषांतरांमुळे हा ग्रंथ उत्तर भारतात पसरला, पण हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक शास्त्राचा एक आधारग्रंथ मुळात मराठीत लिहिला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

४.२.४ रचनाकार 'चतुर'

भातखंडे यांची ओळख बहुधा शास्त्रकार आणि संग्राहक म्हणून करून दिली जाते. ते रचनाकारही होते, हे त्यामुळे मागे पडते. 'चतुर' ही मुद्रा धारण करून त्यांनी बंदिशी बांधल्या. शिकणाऱ्याला रागाचे स्वररूप कळावे म्हणून केवळ स्वरनामांच्या स्वरमालिकाही रचल्या. त्यांचे वैशिष्ट्यपूर्ण कार्य मात्र लक्षणगीतांचे आहे.

ज्या रागात गीत बांधलेले आहे त्याच रागाची लक्षणे ज्या गीताच्या शब्दांत सांगितलेली असतात, ते लक्षणगीत होय. रागाचा थाट कोणता, वादी व संवादी स्वर कोणते, कोणते स्वर वर्ज्य आहेत, गानसमय कोणता, हे सारे विद्यार्थी गाता गाता पाठ करतो. शब्द नियम सांगतात आणि चाल त्या नियमाचे उदाहरण दाखवते. असे गीत बांधणे सोपे नसते. त्यात शास्त्राची माहिती यावी लागते, ती तालात बसावी लागते आणि तरीही गीत गाण्याजोगे राहावे लागते.

लक्षणांची माहिती कशी उपयोगी पडते ते एका उदाहरणाने पाहू. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत आणि मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. नुसते स्वर लिहिले तर दोन्ही राग एकच वाटतील. परंतु भूपात गांधार वादी व धैवत संवादी आहे, तर देशकारात धैवत वादी व गांधार संवादी आहे. म्हणून भूप सप्तकाच्या पूर्वार्धात रमतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जातो. देशकार उत्तरार्धात खुलतो आणि सकाळी गायला जातो. भातखंडे यांनी पहिला कल्याण थाटात व दुसरा बिलावल थाटात ठेवला. स्वर तेच असूनही राग निराळा का होतो, हे नवशिक्याला वर्षानुवर्षांच्या सहवासातूनच उमगत असे. लक्षणगीताने तो भेद पहिल्या काही पाठांतच त्याच्या हाती दिला.

४.२.५ बंदिशींचा संग्रह आणि स्वरलिपी

ठिकठिकाणच्या कलावंतांकडून मिळालेल्या बंदिशी भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांत स्वरलिपीसह एकत्र केल्या. या मालिकेत सुमारे १८०० रचना आहेत. शेवटचे दोन भाग त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाले.

या संग्रहासाठी त्यांनी वापरलेली स्वरलिपी अत्यंत सोपी आहे. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब, एका मात्रेत अनेक स्वर असल्यास त्यांच्याखाली कंस, समेसाठी गुणाकाराचे चिन्ह आणि खालीसाठी शून्य, एवढ्या खुणांवर ती उभी आहे. देवनागरी अक्षरे येणाऱ्या कोणालाही ती थोड्या सरावाने वाचता येते आणि साध्या छापखान्यातही ती जुळवता येते. तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण हा साधेपणा आहे.

या संग्रहाचे ऋण कोणाचे, हेही नोंदवले पाहिजे. यांतील मोठा भाग मुस्लिम उस्तादांच्या घराण्यांतून आला. भातखंडे यांच्या लेखनात मात्र शास्त्र न जाणणाऱ्या व्यावसायिक गायकांविषयी अधीरता, कधी कठोरपणाही आढळतो. ज्यांच्या कंठातून ही विद्या आली त्यांना शास्त्राच्या न्यायसभेत कमी स्थान मिळाले, असे अलीकडच्या अभ्यासकांना वाटते. याची दुसरी बाजूही आहे. लखनौजवळील अकबरपूरचे राजा नवाब अली यांनी भातखंडे यांच्या पद्धतीवर आधारलेला 'मआरिफुन्नग़मात' हा ग्रंथ उर्दूत लिहिला. भातखंडे यांचे शास्त्र एका भाषेचे वा एका समाजाचे राहिले नाही.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
१. बिलावल हे शुद्ध सप्तक मानण्यामागील भूमिका स्पष्ट करा.
२. लक्षणगीत म्हणजे काय? ते शिकणाऱ्याला कसे साहाय्य करते?

४.२.६ परिषदा आणि विद्यालये

ग्रंथ लिहून कार्य संपत नाही, याची भातखंडे यांना जाणीव होती. मतभेद असणाऱ्या कलावंतांना व पंडितांना एकत्र बसवण्यासाठी त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषदांची कल्पना पुढे आणली. पहिली परिषद १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्याला भरली. त्यानंतर १९१८ मध्ये दिल्ली, १९१९ मध्ये बनारस आणि १९२४ व १९२५ मध्ये लखनौ येथे परिषदा झाल्या. त्यांत गायन-वादनाबरोबर श्रुती, रागस्वरूपे आणि संगीतशिक्षण यांवर चर्चा होई. वाद होत, एकमत क्वचितच होई. पण जे प्रश्न पूर्वी घराण्याच्या आत राहत ते आता सभेत मांडले जाऊ लागले.

विद्यालये हा या प्रयत्नांचा पुढचा टप्पा होय. बडोदा संस्थानातील संगीतशाळेच्या पुनर्रचनेत त्यांनी मार्गदर्शन केले. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेर येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक स्थापन झाले. तत्कालीन गव्हर्नरांचे नाव या संस्थेला दिले होते. तिच्या उभारणीत राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांनी मोठा भार उचलला. भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे दीर्घकाळ तिचे प्राचार्यपद सांभाळले. आज ही संस्था विद्यापीठ म्हणून भातखंडे यांच्या नावाने ओळखली जाते.

याच काळात पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतशिक्षणाची चळवळ उभारली होती. पलुस्कर स्वतः श्रेष्ठ गायक होते. त्यांचा भर भक्तिभाव, शिस्त आणि समाजात संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्यावर होता. भातखंडे यांचा भर शास्त्रशुद्धता, संग्रह आणि चिकित्सा यांवर होता. दोघांच्या स्वरलिपी आणि वाटा निराळ्या होत्या, पण घराण्याबाहेरच्या मुलामुलींना संगीताचे दार उघडून देण्याचे श्रेय दोघांनाही द्यावे लागते.

४.२.७ आक्षेप आणि मूल्यमापन

भातखंडे यांच्या कार्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली आणि ती आजही होते. पहिला आक्षेप थाटपद्धतीवर आहे. पटदीप रागात गांधार कोमल पण निषाद शुद्ध आहे. असे स्वर दहांपैकी एकाही थाटात जुळत नाहीत, तरी तो काफी थाटात ठेवावा लागतो. ललितात दोन मध्यम आहेत आणि पंचम नाही. तो मारवा थाटात बसवताना ओढाताण होते. राग हा स्वरांच्या यादीपेक्षा चलनाने ओळखला जातो आणि थाट चलन सांगू शकत नाही, हा या आक्षेपाचा गाभा आहे.

दुसरा आक्षेप स्वरलिपीवर आहे. दरबारीचा कोमल गांधार आणि भीमपलासीचा कोमल गांधार कागदावर एकाच खुणेने लिहिले जातात. गळ्यात मात्र ते एक नसतात. दरबारीचा गांधार आंदोलित होऊन खाली झुकतो. हा फरक गुरूच्या तोंडून ऐकल्यावाचून कळत नाही. तिसरा आक्षेप असा की बंदिशीचे एक रूप छापले गेले, की तेच प्रमाण ठरते आणि घराण्याघराण्यांतील पाठभेद मागे पडतात.

हे आक्षेप खरे आहेत. त्यांचे वजन ठरवताना मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे भातखंडे यांनी पुस्तकाला गुरूची जागा देऊ केली नव्हती. म्हणून तर त्यांनी ग्रंथांच्या जोडीने विद्यालये उभारली आणि शिक्षक तयार केले. दुसरे असे की लिपीत जे हरवते त्याची तुलना आदर्श गुरुमुखी शिक्षणाशी न करता, त्या काळच्या प्रत्यक्ष परिस्थितीशी करावी लागते. अनेकांना ते शिक्षण मुळीच मिळत नव्हते आणि अनेक बंदिशी त्यांच्या धन्याबरोबर नाहीशा होत होत्या. दरबारीच्या गांधाराचे आंदोलन कागदावर आले नाही, हे खरे. पण ज्याच्याजवळ तो कागदही नव्हता, त्याला दरबारी शिकण्याचा मार्ग कोठे सुरू होतो हेच ठाऊक नव्हते.

४.२.८ अखेरचा काळ आणि वारसा

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. आयुष्यभर फिरलेल्या माणसाची अखेरची तीन वर्षे अशी गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांचा वारसा मुख्यतः माणसांच्या रूपाने टिकला. रातंजनकर यांनी गुरूचे शास्त्र घेतले, बडोद्यात फैयाज खाँ यांच्याकडून गायकी घेतली आणि स्वतःही 'सुजान' या मुद्रेने बंदिशी रचल्या. शास्त्र आणि गायकी एकत्र येऊ शकतात, याचे ते उत्तम उदाहरण होत. कृ. गो. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही रातंजनकर यांची शिष्यमंडळी. शाळांतून तानसेन निघत नाहीत, अशी टीका पुष्कळदा केली जाते. या शिष्यपरंपरेने त्या टीकेला काही प्रमाणात उत्तर दिले आहे. शिवाय शाळांनी कानसेन घडवले, जाणते श्रोते निर्माण केले. दरबारांचा आश्रय संपल्यावर रागसंगीत ज्यांच्या बळावर उभे राहिले ते हेच श्रोते होत.

४.३ सारांश

संगीताच्या घराण्याबाहेर जन्मलेल्या पंडित भातखंडे यांनी वकिली सोडून देशभर प्रवास केला आणि विखुरलेल्या विद्येला व्यवस्था दिली. प्रचलित संगीताला प्रमाण मानून त्यांनी बिलावल सप्तक व दहा थाट स्वीकारले. लक्षणगीतांतून त्यांनी शास्त्र गेय केले, सुमारे १८०० रचना स्वरलिपीत आणल्या, परिषदा भरवल्या आणि विद्यालये उभारली. थाटपद्धती व स्वरलिपी यांच्या मर्यादा आहेत आणि उस्तादांच्या ऋणाचा प्रश्नही उरतो. तरीही विद्या ही खाजगी मालमत्ता नसून जिज्ञासूचा तिच्यावर हक्क आहे, हा विचार त्यांनी हिंदुस्थानी संगीतात रुजवला.

४.४ शब्दार्थ

वादी – रागातील प्रमुख स्वर.
संवादी – वादीच्या खालोखाल महत्त्वाचा स्वर.
वर्ज्य – रागात न घेतला जाणारा स्वर.
चलन – रागातील स्वरांची विशिष्ट वाटचाल.
मुद्रा – बंदिशीत गुंफलेले रचनाकाराचे नाव किंवा टोपणनाव.
आंदोलित – हळुवार झोके देत लावलेला (स्वर).

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. भातखंडे यांच्या संगीतयात्रांचा त्यांच्या ग्रंथरचनेवर झालेला परिणाम लिहा.
२. थाटपद्धती व स्वरलिपी यांवरील आक्षेपांची चर्चा करून आपले मत साधार मांडा.
३. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'तील संवादरूपी मांडणीचे प्रयोजन स्पष्ट करा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील एखाद्या संगीत शिक्षकाला भेटा. पुस्तकातून काय शिकवता येते आणि समोर बसूनच काय शिकवावे लागते, याची सोदाहरण नोंद करा.